लॉगिननंतर विंडोजमध्ये काय काय सुरू होतं, ते कसं पकडायचं

पासवर्ड टाकून एंटर दाबल्यापासून माऊसशेजारचं चक्र फिरायचं थांबेपर्यंत विंडोज डझनावारी प्रोसेस, म्हणजे चालते प्रोग्रॅम, सुरू करतं. त्यातल्या कित्येक दोन-चार सेकंदांत काम उरकून बंदही होतात. आपण टास्क मॅनेजर उघडेपर्यंत मागे उरतात त्या फक्त मुक्कामाला आलेल्या. म्हणून "लॉगिन झाल्यावर एक काळी खिडकी चमकून गेली, ती कसली?" याचं उत्तर टास्क मॅनेजरकडे टक लावून बसून मिळत नाही.

इथे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. लॉगिनला काय सुरू व्हायचं ठरलेलं आहे, हा एक. प्रत्यक्षात काय सुरू झालं आणि ते कोणी सुरू केलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर याद्यांत असतं, दुसऱ्याचं नोंदींत. बहुतेक जण यादी पाहून थांबतात आणि तिथेच फसतात. खालची माहिती विंडोज १० आणि ११ ची आहे. मेनू, फायली आणि आज्ञांची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची.

आधी क्रम

पासवर्डचा पडदा दाखवतो तो लॉगऑनयूआय. पासवर्ड खरा की खोटा हे तपासतो एलसॅस. तो पटला की विनलॉगऑन हा युजरइनिट नावाचा छोटा प्रोग्रॅम चालू करतो. युजरइनिट लॉगऑन स्क्रिप्टचं (लॉगिनला चालवायच्या आज्ञांच्या फाइलचं) बघतो, एक्सप्लोरर सुरू करतो आणि थोड्या वेळाने स्वतः निघून जातो. टास्कबार आणि डेस्कटॉप दाखवणारा तो हाच एक्सप्लोरर. पुढे रजिस्ट्रीतल्या (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं तिथल्या) 'रन' नोंदी आणि स्टार्टअप फोल्डर वाचून तिथले प्रोग्रॅम तोच चालवतो. विंडोज ८ पासून हे काम तो मुद्दाम जरा थांबून करतो, म्हणजे डेस्कटॉप आधी हाताला लागावा. त्यामुळे घड्याळाशेजारची चिन्हं एकेक करून उगवत असली तर तो बिघाड नाही.

युजरइनिट निघून गेल्यामुळे प्रोसेसच्या झाडात (कोणी कोणाला सुरू केलं ते दाखवणाऱ्या मांडणीत) एक्सप्लोरर बिनआईबापाचा दिसतो. ते पाहून दचकू नका. उलट त्याला भलताच कोणी पालक दिसला, तर चौकशी करावी.

एक्सप्लोररच्या बरोबरीने, पण त्याला न विचारता, आणखी दोन यंत्रणा कामाला लागतात. टास्क शेड्यूलरमध्ये (ठरवून दिलेली कामं आपोआप सुरू करणाऱ्या सोयीत) 'ॲट लॉग ऑन' असा ट्रिगर लावलेली कामं सुरू होतात. शिवाय प्रत्येक युजरसाठी वेगळ्या चालणाऱ्या सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) उभ्या राहतात. त्यांच्या नावापुढे अंडरस्कोर आणि चार-पाच अक्षरांचं शेपूट असतं आणि ते दर लॉगिनला बदलतं. दरवेळी नवं नाव दिसतंय म्हणून व्हायरस समजून यांच्या मागे लागलेले लोक पुष्कळ आहेत.

चाचणी करताना एक पथ्य पाळा. विंडोज आणि एल दाबून लॉक केलेला संगणक उघडणं म्हणजे लॉगिन नव्हे; तेव्हा यातलं जवळजवळ काहीच घडत नाही. प्रत्येक चाचणीच्या वेळी साइन आउट करून परत आत यायचं. आणि सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्समध्ये जाऊन दोन गोष्टी तात्पुरत्या बंद ठेवायच्या: मागच्या वेळचे ॲप परत उघडण्याची सोय, आणि अपडेटनंतर तुमच्या नावाने आपोआप साइन-इन करून तयारी पूर्ण करण्याची सोय. पहिलीमुळे यादीत नसलेले प्रोग्रॅम उघडतात. दुसरीमुळे तुम्ही पासवर्ड टाकण्याआधीच तुमचे प्रोग्रॅम चालू झालेले असतात, आणि मग नोंदींतल्या वेळा काही केल्या जुळत नाहीत.

यादी: टास्क मॅनेजर पुरेसा नाही

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा आणि 'स्टार्टअप ॲप्स'वर जा. विंडोज १० मध्ये या टॅबचं नाव नुसतं 'स्टार्टअप' आहे. स्तंभांच्या मथळ्यावर राइट क्लिक करून 'कमांड लाइन', 'स्टार्टअप टाइप' आणि 'रनिंग नाऊ' हे तीन स्तंभ आधी चालू करा. त्यांच्याशिवाय ही यादी म्हणजे नुसत्या नावाच्या पाट्या. 'स्टार्टअप इम्पॅक्ट'चा अर्थ नेमका ठरलेला आहे. सुरू होताना १ सेकंदाहून जास्त सीपीयू वेळ किंवा ३ एमबीहून जास्त डिस्क वापरली तर 'हाय'; ३०० मिलिसेकंद ते १ सेकंद किंवा ३०० केबी ते ३ एमबी असेल तर 'मीडियम'; त्याखाली 'लो'. 'नॉट मेझर्ड' म्हणजे अजून मोजलेलं नाही, इतकंच. आजच्या एसएसडीवर ३ एमबी म्हणजे काहीच नाही, तेव्हा 'हाय' दिसलं की लगेच डिसेबल, अशी घाई करू नये.

ही यादी अपुरी असते ती अशी: रजिस्ट्रीतला रन, स्टार्टअप फोल्डर आणि स्टोअरमधले ॲप एवढंच ती दाखवते. शेड्यूल केलेली कामं, सर्व्हिसेस आणि विनलॉगऑनच्या नोंदी तिच्यात येत नाहीत. त्यासाठी ऑटोरन्स हवा. हा सिसइंटर्नल्सचा मोफत प्रोग्रॅम आहे. सिसइंटर्नल्स २००६ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं, तेव्हा तो मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून उतरवायचा. भलत्या डाउनलोड साइटवरून नको.

ऑटोरन्सवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा. 'एव्हरीथिंग' टॅबवर शेकडो ओळी येतील. आधी ऑप्शन्समधून सह्या (फाइल खरंच कोणाची ते पटवणाऱ्या डिजिटल खुणा) तपासण्याची सोय चालू करा आणि मगच मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा. क्रम उलटा केलात, तर फाइलीत कंपनीचं नाव खोटं घातलेला प्रोग्रॅमही मायक्रोसॉफ्टचा म्हणून लपून बसू शकतो. आता उरलेल्या ओळींचे रंग बघा. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे, पण फाइल जागेवर नाही. बहुधा काढून टाकलेल्या प्रोग्रॅमची उरलेली खूण. गुलाबी ओळ म्हणजे सही नाही किंवा पटलेली नाही. गुलाबी म्हणजे वाईटच असं नाही. आपल्याकडची कितीतरी छोटी, कामाची सॉफ्टवेअर बिनसहीचीच असतात. पण चौकशी तिथून सुरू करायची.

'लॉगऑन' टॅबवर विनलॉगऑनच्या दोन नोंदी मुद्दाम पाहाव्यात. 'युजरइनिट'मध्ये सिस्टम३२ मधल्या युजरइनिटचा पत्ता आणि शेवटी एक स्वल्पविराम, एवढंच असायला हवं. 'शेल'मध्ये एक्सप्लोररचं नाव, बस्स. स्वल्पविरामापुढे आणखी कसला पत्ता चिकटवलेला असेल, तर तो प्रोग्रॅम एक्सप्लोररला न विचारता चालतोय आणि टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत तो कधीच दिसणार नाही.

एका संगणकावर तीन-चार युजर असतील, तर वरच्या 'युजर' मेनूतून प्रत्येकाची यादी वेगळी उघडून पाहा. रनची एक नोंद सगळ्यांसाठी असते, एक प्रत्येकाची स्वतःची. स्टार्टअप फोल्डरचंही तसंच. आपल्या खात्यातून बघून "इथे तर काहीच नाही" म्हणणं ही नेहमीची चूक.

सगळं ठीक असताना ही यादी फाइल मेनूतून सेव्ह करून ठेवा. पुढे कधी शंका आली की त्याच मेनूतल्या 'कंपेअर'ने जुनी फाइल उघडा. नव्या ओळी हिरव्या दिसतील. नवा संगणक घेतल्यावर पहिल्या दिवशी पाच मिनिटं खर्च करून हे केलं, तर पुढचे तास वाचतात.

नोंद: प्रत्यक्षात काय चाललं

आता दुसरा प्रश्न. प्रत्येक प्रोसेसचा जन्म विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६८८ या क्रमांकाने लिहिला जाऊ शकतो. ही सोय घरच्या-ऑफिसच्या संगणकावर मुळात बंद असते, ती चालू करावी लागते.

प्रो किंवा त्यावरच्या आवृत्तीत 'जीपीएडिट' (विंडोजची धोरणं बदलायचं साधन) उघडा. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, विंडोज सेटिंग्ज, सिक्युरिटी सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड ऑडिट पॉलिसी कॉन्फिगरेशन, सिस्टम ऑडिट पॉलिसीज, डिटेल्ड ट्रॅकिंग असं खाली उतरत जा आणि 'ऑडिट प्रोसेस क्रिएशन'मध्ये 'सक्सेस'वर खूण करा. पण एवढ्यावर थांबलात तर नुसतं प्रोग्रॅमचं नाव मिळेल. त्याला काय काम सांगितलं होतं ते कळणार नाही. त्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टम, ऑडिट प्रोसेस क्रिएशन इथे जाऊन नोंदीत कमांड लाइन घालण्याचं धोरण 'एनेबल्ड' करा. काळ्या खिडकीचं रहस्य नव्वद टक्के वेळा या कमांड लाइनमध्येच उलगडतं.

होम आवृत्तीत जीपीएडिट नसतो. तिथे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पहिल्या भागासाठी ही आज्ञा द्या: ऑडिटपॉल /सेट /सबकॅटेगरी:"प्रोसेस क्रिएशन" /सक्सेस:एनेबल. दुसऱ्या भागासाठी रजिस्ट्रीत एचकेएलएम (एचकी_लोकल_मशीन), सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, पॉलिसीज, सिस्टम, ऑडिट या जागी 'प्रोसेसक्रिएशनइन्क्लूडसीएमडीलाइन_एनेबल्ड' नावाची डीवर्ड किंमत तयार करून तिथे १ लिहा. 'ऑडिट' नावाची की नसेल तर ती आधी करावी लागते.

दोन सावधगिऱ्या. एक, सिक्युरिटी लॉगची मर्यादा मुळात २० एमबीच्या आसपास असते आणि भरल्यावर जुन्या नोंदी पुसल्या जातात. प्रोसेसच्या नोंदी चालू केल्यावर सकाळच्या लॉगिनच्या नोंदी संध्याकाळी गायब झालेल्या असू शकतात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिक्युरिटी'वर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि मर्यादा २,०४,८०० केबी म्हणजे २०० एमबी करून टाका. दोन, कमांड लाइनमध्ये पासवर्ड लिहिलेली स्क्रिप्ट कुठे असेल, तर तो पासवर्ड जसाच्या तसा लॉगमध्ये उतरतो. ऑफिसातल्या संगणकांवर हे चालू करण्याआधी अशा स्क्रिप्ट शोधा. आणि तिथे बसणाऱ्या लोकांनाही सांगा की अशी नोंद होते आहे. चोरून ठेवलेल्या नोंदीवरून उगाच वाद होतात.

आता साइन आउट करा, परत लॉगिन करा, दोन-तीन मिनिटं काहीही न उघडता थांबा. मग इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिक्युरिटी. उजवीकडच्या 'फिल्टर करंट लॉग'मध्ये क्रमांकाच्या जागी ४६२४,४६८८ असं लिहा.

४६२४ म्हणजे यशस्वी लॉगिन. पण ढीगभर ४६२४ दिसतील, कारण सर्व्हिसेसही आत येत असतात. 'लॉगऑन टाइप' पाहा: २ म्हणजे समोर बसून केलेलं, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉपवरून, ११ म्हणजे डोमेनशी (ऑफिसच्या संगणकांचा एकत्र कारभार बघणाऱ्या यंत्रणेशी) संपर्क नसताना साठवलेल्या माहितीवर केलेलं, ७ म्हणजे नुसतं अनलॉक, ५ म्हणजे सर्व्हिस. तुमच्या नावाची आणि योग्य प्रकाराची नोंद सापडली की तिच्यातला 'लॉगऑन आयडी' टिपून घ्या. त्या लॉगिनच्या नोंदींना बांधणारा धागा तोच.

इथे एक खाचखळगा आहे. खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं असेल तर एका लॉगिनला ४६२४ च्या दोन नोंदी पडतात. एकीत 'एलिव्हेटेड टोकन' (ॲडमिनिस्ट्रेटरचे पूर्ण अधिकार) समोर 'येस', दुसरीत 'नो'. नेहमीचे प्रोग्रॅम 'नो'वाल्या आयडीने चालतात. लोक पहिली दिसली ती नोंद धरतात, त्या आयडीने शोधतात, आणि "लॉगिनला तर काहीच सुरू झालं नाही" अशा निष्कर्षावर येतात. दुसरी गंमत युजरइनिटची. त्याला विनलॉगऑन जन्म देतो आणि तो सिस्टमच्या खात्यावर चालतो, म्हणून त्या नोंदीत 'क्रिएटर सब्जेक्ट' सिस्टम असतो. तुमचं नाव खाली 'टार्गेट सब्जेक्ट'मध्ये मिळेल.

प्रोसेस आयडी या नोंदींत सोळाच्या पायात लिहिलेले असतात, टास्क मॅनेजरमध्ये दहाच्या. शून्य-एक्सच्या पुढे १ए४ दिसलं तर कॅल्क्युलेटर 'प्रोग्रॅमर'वर टाकून बदलून घ्या: २५६ अधिक १६० अधिक ४, म्हणजे चारशेवीस. नावावर जाऊ नका, तो साधा क्रमांक आहे. शिवाय प्रोसेस बंद झाली की तिचा क्रमांक दुसरीला मिळू शकतो, त्यामुळे क्रमांक जुळवताना वेळही जुळवा.

आई कोण, ते पाहा

प्रत्येक ४६८८ मध्ये 'क्रिएटर प्रोसेस नेम' असतं, म्हणजे ज्या प्रोसेसने हिला सुरू केलं त्या आईचं नाव. नोंद वाचायची किल्ली ही. आई एक्सप्लोरर असेल तर मूळ रनच्या नोंदीत किंवा स्टार्टअप फोल्डरमध्ये आहे. (किंवा तुम्हीच त्यावर डबल क्लिक केलं असेल.) आई युजरइनिट असेल तर लॉगऑन स्क्रिप्ट किंवा विनलॉगऑनमधली छेडछाड. आई सर्व्हिसेस असेल तर ती सर्व्हिस. आई एसव्हीसीहोस्ट (विंडोजच्या सर्व्हिसेस आपल्या पोटात चालवणारी प्रोसेस) असेल तर बहुतेक वेळा टास्क शेड्यूलर, नाहीतर स्टोअरमधलं ॲप.

समजा, नोंदीत नवी प्रोसेस आहे सिस्टम३२ मधली डब्ल्यूस्क्रिप्ट, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम. फाइल मायक्रोसॉफ्टची, सही अस्सल. आई आहे एक्सप्लोरर. इथवर सगळं सोज्वळ. पण कमांड लाइनमध्ये डब्ल्यूस्क्रिप्टच्या पुढे ॲपडेटा, रोमिंगमधल्या एका व्हीबीएस फाइलचा पत्ता आहे आणि फाइलीचं नाव म्हणजे अर्थ नसलेली अक्षरं. म्हणजे अस्सल गाडीत चोरटा माल. पेनड्राइव्हवरच्या फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारे व्हायरस नेमके असेच चालतात, आणि झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेला पेनड्राइव्ह ही त्यांची नेहमीची वाट. डब्ल्यूस्क्रिप्ट, सीएमडी, पॉवरशेल, रनडीएलएल३२ आणि एमएसएचटीए यांच्या ओळी नुसत्या सहीवर विश्वास ठेवून कधीही सोडू नका. उलट, एसव्हीसीहोस्ट नावाची प्रोसेस सिस्टम३२ किंवा सिसवॉव६४ सोडून दुसऱ्या फोल्डरमधून चालत असेल तर नावाकडे न बघता पत्त्याकडे बघा. एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नावही सहज नजरेतून सुटतं.

आई एसव्हीसीहोस्ट निघाली तर टास्क शेड्यूलर उघडा आणि उजवीकडून 'एनेबल ऑल टास्क्स हिस्ट्री' करा; ही हिस्ट्रीही मुळात बंद असते. पुढच्या लॉगिननंतर कामाच्या 'हिस्ट्री' टॅबवर ११९ म्हणजे लॉगिनमुळे काम सुटलं, १२९ म्हणजे त्यासाठी प्रोसेस तयार झाली. १२९ मध्ये प्रोसेस आयडी असतो. तो ४६८८ मधल्या आयडीशी जुळला की काम सापडलं.

ऑफिसच्या डोमेनवर आणखी एक कोडं पडतं. ग्रुप पॉलिसीतली (डोमेनवरून सगळ्या संगणकांना लावलेल्या धोरणांतली) लॉगऑन स्क्रिप्ट लॉगिननंतर तब्बल पाच मिनिटांनी चालते. विंडोज ८.१ पासून तसा विलंब ठेवलेला आहे, आणि तो 'कॉन्फिगर लॉगऑन स्क्रिप्ट डिले' या धोरणातून बदलता येतो. नेटवर्क ड्राइव्ह उशिरा दिसतो म्हणून केबल बदलण्याआधी हे बघा.

लॉगिन मंद असेल तर प्रोसेस मॉनिटर

कोण सुरू झालं हे ४६८८ सांगतं. कोण किती वेळ अडवून बसलं हे नीट सांगत नाही. त्यासाठी सिसइंटर्नल्सचाच प्रोसेस मॉनिटर. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, ऑप्शन्स, 'एनेबल बूट लॉगिंग', ओके. आता 'रीस्टार्ट'च करा. फास्ट स्टार्टअप चालू असताना 'शट डाउन' केलं तर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही आणि बूट लॉग हवा तसा मिळत नाही. लॉगिन करा, डेस्कटॉप स्थिरावू द्या आणि लगेच प्रोसेस मॉनिटर उघडा. साठवलेली नोंद कुठे ठेवू, असं तो विचारेल. उघडायला विसरलात तर नोंद चालूच राहते आणि फाइल फुगत जाते. काही जीबी मोकळी जागा असलेला ड्राइव्ह निवडा.

मग कंट्रोल आणि टी. प्रोसेसचं झाड उघडेल. संपून गेलेल्या प्रोसेसही त्यात असतात, फक्त खालची 'अजून चालू असलेल्याच दाखवा' अशी खूण काढलेली हवी. प्रत्येकीसमोर तिच्या आयुष्याची पट्टी असते. युजरइनिटची पट्टी सुरू झाल्यापासून एक्सप्लोररची सुरू होईपर्यंतचं अंतर मोठं असेल, तर दोष स्टार्टअपच्या प्रोग्रॅमांत नाही; तो स्क्रिप्ट, प्रोफाइल किंवा नेटवर्कमध्ये शोधा. एक्सप्लोररनंतरची गर्दी दाट असेल, तरच स्टार्टअपची यादी छाटून फरक पडेल.

कायमची, बारीक नोंद हवी असेल तर सिसइंटर्नल्सचाच सिसमॉन बसवा. त्याची १ क्रमांकाची नोंद आईची कमांड लाइन आणि फाइलचा हॅश (तिची ओळख पटवणारा ठसा) हेही देते. एका-दोन संगणकांसाठी ४६८८ पुरतं.

बंद करताना

डिलीट करू नका, खूण काढा. ऑटोरन्समध्ये खूण काढलेली नोंद बाजूला ठेवली जाते आणि परत लावता येते. टास्क मॅनेजर 'डिसेबल'ची नोंद वेगळ्या जागी ठेवतो, म्हणून एकच साधन धरून चाला. नाहीतर एकात चालू, दुसऱ्यात बंद असा गोंधळ होतो. आणि एका वेळी एकच नोंद बंद करा, मग साइन आउट, लॉगिन, तपासणी.

आपल्याकडच्या ऑफिसांत दोन गोष्टींना हात लावताना थांबा. सी-डॅकचं आयएसएम हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर लॉगिनला सुरू होत असेल आणि ते बंद केलंत, तर दुसऱ्या दिवशी टायपिस्ट मराठी उमटत नाही म्हणून बोलावणार. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा छोटा प्रोग्रॅमही स्टार्टअपला बसलेला असतो. तो निरुपयोगी दिसतो, पण तो नसेल तर काही टोकनांचं सर्टिफिकेट ब्राउझरला दिसत नाही, आणि हे कळतं ते ई-टेंडर भरायच्या शेवटच्या तासाला.

बंद केलेली नोंद दोन लॉगिननंतर परत आली तर कोणीतरी ती पुन्हा लिहितंय. अपडेट करणारी सर्व्हिस किंवा शेड्यूल केलेलं काम हे नेहमीचे संशयित. प्रोसेस मॉनिटरमध्ये 'ऑपरेशन'ला 'रेगसेटव्हॅल्यू' आणि 'पाथ'मध्ये 'करंटव्हर्जन\रन' असा फिल्टर लावा आणि त्या नोंदीची वाट पाहा. ओळ उमटली की तिच्या 'प्रोसेस नेम' स्तंभात लिहिणाऱ्याचं नाव असेल. बंद करायचं ते त्याला.